पंधरा ठिपके

देगलूरच्या उर्दू शाळेत सात कॉम्प्युटर.
चार सुरू होतात,
त्यातला एक पाठीत थाप मारल्यावर.
नवं काही त्यांच्या पचनी पडत नाही,
म्हणून दुकानात, फुटक्या काचांच्या मोबाइलांमधी बसून
मी रात्री-रात्री एक दुभाषा लिहिला.
लेकरांनी रंगीत ठोकळे रचायचे,
यानं वरून खाली वाचत जायचं
आणि यंत्राला त्याच्या बोलीत सांगायचं:
दहा पावलं चाल. वळ. एक सेकंद थांब.
उर्दूत ठोकळ्याची खाच उजवीकडं सरकते,
थांबणं तेवढंच राहतं.

माझे वडील मोंढ्यात हेच करायचे.
मदनूरचा व्यापारी तेलुगूत,
करडखेडची बाई मराठीत,
मधे वडील, टोपी मांडीवर,
इकडचं तिकडं, तिकडचं इकडं.
एकदा व्यापाऱ्यानं उडदाला माती म्हटलं.
वडिलांनी मातीच सांगितली.
बाईनं पोत्याचं तोंड बांधलं, सौदा मोडला,
दोन रुपये अडत गेली.
आई म्हणाली, जरा गोड करून सांगितलं असतं तर?
ते पाय धूत होते.
"गूळ घातला की ते माझं बोलणं झालं," म्हणाले,
"मला कोण विचारायलं?"

सातवीतल्या अर्शियानं शेळी काढली होती.
किटलीसारखं अंग, तीन पाय,
चौथ्याच्या वेळी तास संपला.
झेंडा दाबला की शेळी निघते
'कायम' नावाच्या ठोकळ्याच्या पोटात,
उजवीकडं, उजवीकडं,
आणि माझ्या दुभाष्यात ती
पडद्याच्या कडेवरून पलीकडं गेली.
"सर, मेरी बकरी किदर गई?"
गेली पुढं, मी म्हटलं. तूच चाल म्हणालीस, चालायली.
"नै सर. आपाच्या मोबाइलात जात नै.
कान राहतो."

घरी येऊन बघितलं.
कान राहतो.
मूळ यंत्रात कुणी तरी, कधी तरी
कडेला न दिसणारं कुंपण घातलेलं:
चित्र किती का पळेना,
पंधरा ठिपके आत राहिले पाहिजेत.
कशासाठी, ते मला कुठं सापडलं नाही.
माझा हिशोब चोख होता,
पावलं गुणिले दहा, शेळी केव्हाच बाहेर,
तेलंगणात म्हणा.
मी बरोबर होतो
आणि एक पोरगी रिकाम्या पडद्यापुढं बसून होती.

कुंपण घातलं.
माझं लिहिलेलं सगळं उघड्यावरच असतं,
मोंढ्यातल्या ढिगासारखं,
येईल त्यानं मूठ भरावी, फुंकर मारून बघावी.
पहाटेपर्यंत कुणी तरी मूठ भरून गेलं होतं.
नाव तीन अक्षरांचं, गाव ठाऊक नाही.
एक ओळ बदललेली:
चित्रच बारकं असेल
तर पंधरा नाहीत, त्याच्या निम्मे.
मी आपला विचार करत बसलो,
एवढं बारकं कोण काढतंय?

शनिवारी अर्शियानं करडू काढलं.
पावट्याएवढं.
ते आईच्या मागं मागं कडेपर्यंत गेलं
आणि अडकलं, चार ठिपके आत,
काळी मुंगी बसावी तसं.
तिनं माउस धरला. बोट घसरलं, पुन्हा धरला.
ओढलं. आलं बाहेर,
पाठोपाठ कानाला धरून शेळी.

सगळे गेल्यावर मी मशिन बंद करायला बसलो.
शेळी पडद्यावर उभीच होती.
ब्रशचं चित्र समोर, करडा रंग तयार,
चौथा पाय, फार तर चार रेघा,
कुणाला कळलंही नसतं.
हात माउसवर होता.
मग वडिलांची टोपी आठवली, मांडीवरची,
आणि मी नुसता झेंडा दाबला.

तीन पायांनी
चालायली.